संपर्क नाही

धुळ्याच्या रुग्णालयात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून
मी नोंदी ठेवतो.
नाव, वय, गाव, जमात, कुठला कर्करोग, कितवी पायरी,
आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक:
जिवंत, मृत, संपर्क नाही.

पाच वर्षांमागच्या एका पानावर दोघी लागोपाठ आहेत.
कुमुदिनी वासुदेव फिरके, वय बावन्न, फैजपूर.
रेहंजी जामसिंग पावरा, वय अंदाजे पन्नास,
आमलीपाडा, धडगावच्याही पलीकडे.
दोघींना बीजकोशाचा. दोघींची तिसरी पायरी.
दोघींनी आधी सात-आठ महिने गॅसच्या गोळ्या खाल्ल्या,
एवढं मात्र खानदेशात सगळ्यांना सारखं मिळतं.

कुमुदिनीबाईंची भाची पुण्यात डॉक्टर.
ती फोनवर म्हणाली, मावशी, दोन घासांत पोट भरतं म्हणतेस,
उद्याच्या उद्या सोनोग्राफी कर.
रेहंजीला दवाखान्यात विचारलं, कितवा महिना?
ती हसली म्हणे.
पाळी जाऊन तिला चार वर्षं झाली होती,
पण ते तिनं पावरीत सांगितलं
आणि समोर मराठी बसली होती.

वॉर्डात खाटा शेजारी. एकीची लेवा बोली, एकीची पावरी,
मधे सलाईनचा एकच स्टँड.
केमोनंतर कुमुदिनीबाईंना पाण्याचाही वास सोसेना,
तेव्हा रेहंजीनं लुगड्याच्या गाठीतून आमचूर काढला,
घरच्या कैऱ्यांचा, कौलांवर वाळवलेला,
आणि एक फोड स्वतःच्या गालात ठेवून दाखवली:
अशी.

सहा डोस, दर एकवीस दिवसांनी.
फैजपूरहून घरची गाडी येई, डब्यात मुगाची खिचडी.
आमलीपाड्याहून आधी चालणं, मग जीप,
मग शहाद्यापर्यंत घाट, मग धुळ्याची एसटी,
आणि रात्री आवारातल्या लिंबाखाली जामसिंगचं घोंगडं.
दोनदा आली.
तिसऱ्या तारखेला आली नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: भोंगऱ्या बाजारामुळे असावे.
कुणी विचारलं नव्हतं.
भोंगऱ्याला तेव्हा अठरा दिवस होते, हे मला फार नंतर
जुन्या कॅलेंडरात दिसलं.

तिचा म्हणून दिलेला नंबर मोलगीच्या एका किराणा दुकानाचा.
माझ्या वहीत तोच नंबर अकरा जणांपुढे आहे.
दुकानदार भला माणूस. दर वेळी म्हणतो,
बाजाराला तिकडचं कुणी आलं तर सांगतो, साहेब.

गेल्या महिन्यात मुंबईहून आकडेवाले डॉक्टर आले.
पडद्यावर दोन रेषा,
एक सावकाश उतरणारी, एक तोरणमाळच्या कड्यासारखी.
खाली लिहिलेलं: जमातीनुसार.
रक्तातच काही असेल का, यावर चर्चा झाली, चहा झाला.
असेलही. मी कारकून.
पण माझ्या रकान्यांत जमात आहे,
जीप नाही, लिंब नाही, कितवा महिना नाही,
आणि भोंगऱ्या आहे तो माझ्याच अक्षरात.

मी विचारलं, संपर्क नाही, ते यात कुठे दिसतात?
म्हणाले, शेवटचं पाहिलं त्या दिवसापर्यंत जिवंत धरतो.
तिथं रेषेवर एक बारीक उभी खूण.
पुढचं आपण काही म्हणत नाही.

कुमुदिनीबाई तपासणीला येतात अजून.
केस परत आलेत, पांढरे आणि आधी कधी नव्हते तसे कुरळे.
खिडकीशी वाकून दर खेपेला तेच:
ती आली व्हती का रे भाऊ?
पर्समध्ये आमचुराची पुडी आहे, काळी पडलेली,
दोन फोडी त्यांनी मुद्दाम खाल्ल्या नाहीत.

मी पान उलटतो, शोधत असल्यासारखा.
मग त्यांच्यासमोरच फोन लावतो.
दुकानदार म्हणतो,
बाजार परवा आहे, साहेब.