दोन बोटं धूर

सीताबर्डीच्या माडीवरल्या दुकानात
पोरानं दोन मशिनी टेबलावर मांडल्या.
एक दाट फेकणारी, पंधराशे वॉटची.
दुसरी पातळ. ती चालू होऊन पाच मिनिटं झाली तरी
मालक सहारे विचारत होते, चालू कधी करतो?
मग पोरानं कोपऱ्यातला दिवा लावला
आणि उजेडाला अंग आलं.
काउंटरपासून भिंतीपर्यंत एक तिरपा वासा,
हात लावावा असा.

मालक म्हणाले, लोकं उजेड पाहाले नाई येत जी.
पैसे देते, त्याइले धूर दिसला पाहिजे.
दाट घेतली.
वडसा येईपर्यंत ती माझ्या मांडीवर,
पायाशी पाच लिटरचा कॅन डुचमळत.

झिबल गेडाम होता तोवर घमेलं होतं.
गोवरीचे निखारे, मूठभर राळ, वरून ओलं तणीस,
पुठ्ठ्यानं वारा.
स्वर्ग असो की मसणवटा, वास एकच.
एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून
थर्माकोलच्या डब्यात कोरडा बर्फ मागवला होता.
ब्रह्मपुरीला गाडी बंद पडली, दिवस गेला.
डबा उघडला तर आत नुसता गारठा.
झिबल म्हणाला, घ्या, देव येऊन गेला.

मशीनची रीत मी चुकत चुकत शिकलो.
आठ मिनिटं आधी तापत ठेवायची.
तापताना ती जनरेटरचा घास ओढते,
बल्ब लाल होतात, माईक घुरघुरतो,
म्हणून गाण्यात तिला हात नाही.
स्वस्तातलं पाणी भरलं की जळक्या साखरेचा वास
आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या
खोकून खोकून खलनायकाचं वाक्य खातात.
वारा बघायचा. कनातीची झालर कुठं हलते,
कोणाच्या बिडीचा धूर कुठं जातो.
उत्तरेचा असला
तर यमाची स्वारी थेट तबलजीच्या नाकात.

तिसऱ्या अंकात सुलभा उंदीरवाडे मरते.
सहा हंगाम मरते आहे.
यंदा विंगेत तिचं लेकरू असतं,
गोधडीत, प्रॉम्प्टरच्या पायाशी.
पहिल्याच प्रयोगाआधी म्हणाली,
पतरूभाऊ, मेल्यावर मले दोन बोटं जास्त देजो.
मला वाटलं, सीनसाठी.
मी देतो. धूर कमरेपर्यंत चढतो,
मंडपात बायका पदर डोळ्याला लावतात,
आणि मेलेली बाई चार पायांवर
विंगेत येते, लेकराच्या कपाळाला हात लावते,
परत जाऊन मरून पडते.
हे बाजूनं फक्त मला दिसतं.
एकदा एक पोरगा ओरडला, हालली जी, हालली!
त्याच्या बापानं त्याला गप्प केलं.

मंडईची रात्र होती, धान कापलेल्या बांधीत मंडप.
तीनच्या सुमारास खरी धुई आली,
नदीकडून, कनातीखालून, तिकीट न काढता.
पातळ.
माझे सगळे दिवे एकदम उभे राहिले,
लाल, निळे, पिवळे वासे,
दुकानात पाहिला होता तसा, पण बारा.
मी बटणावरचा हात काढला.
इतकी वर्षं मला हेच हवं होतं,
आणि सुलभा त्या उजेडात मरत होती, स्वच्छ,
तिच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या.

तिनं डोळा किलकिला केला, माझ्याकडे.
विंगेत लेकरू कण्हत होतं, सांजेपासून अंग तापलेलं.

मी बटण दाबलं.
दाबूनच धरलं.
माझे वासे एकेक करून बुडाले.

सकाळी नळी पुसत होतो तर मालक आले,
बाटली उजेडाकडे धरून म्हणाले,
एका मरणाले एवढं पाणी?
म्हटलं, वारा होता.
धानाच्या बांधीत तेव्हा
वाळकं पानही हालत नव्हतं.
मालकांनी ते पाहिलं,
बाटली खाली ठेवली
आणि चहाकडे गेले.