कर्मणी प्रयोग

पुण्याहून सरांचा फोन : नीतिमत्तेचा परिच्छेद
दोन ओळींत बसव, शब्दमर्यादा संपत आलीय.
मी लिहिलं,
‘समितीची मान्यता व सहभागींची संमती घेण्यात आली.’
बसलं.

शाळेत केळुसकर बाई खडू रोखून विचारायच्या,
वाक्यात कर्ता कुठाय गं?

अठरा वाड्या, वाघोटणच्या खाडीच्या दोन्ही अंगांना.
चिठ्ठ्या संगणकानं काढल्या :
नऊ वाड्यांना नवं मीठ, फुकट, दोन वर्षं,
नऊ आपल्या खड्या मिठावर.
रक्तदाब सगळ्यांचा मोजायचा.
चिठ्ठी माणसाची नव्हती, वाडीची होती,
कारण एका आमटीत दोन मिठं कशी पडणार?
हे कारण खरं होतं. आजही मी ते कुणालाही पटवून देईन.

ग्रामसभा देवळाच्या मांडावर भरली.
आत्माराम घाडींनी आमचा अर्ज वाचला
आणि शेवटी मस्करीत गाऱ्हाण्याचा सूर लावला,
‘ह्या मिठान सगळ्यांचा बरा होऊंदे रे म्हाराजा...’
‘व्हय म्हाराजा!’
चाळीसेक पुरुषांचे गळे, मग हशा.
ग्रामसेवकानं वहीत लिहिलं : सर्वानुमते.
बायका पायरीखाली, चपलांपाशी उभ्या.
घरात मीठ टाकतं कोण
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

गाबितवाडीत सत्यवती कोयंडे बांगडे चिरत होती.
मी वाचून दाखवलं : कोणत्याही क्षणी,
कारण न देता, माघार घेता येईल.
तिनं सुरी थांबवली नाही.
‘मगे दुकानात दुसरा मीठ खय आसा?’
दुकान एकच, आणि त्यात आमच्याच पिशव्या.
‘माघार घेऊची ती खयच्या वाटेन?’
मी म्हटलं, ताई, इथे अंगठा.
खारानं सुरकुतलेला अंगठा, शाई धरेना.
तीनदा दाबला. रेघा उमटल्याच नाहीत.
तिचा तांडेल दीर पंधरवड्यानं होडीवरून यायचा,
जेवायचा, परत जायचा.
त्याचा फॉर्मच नव्हता.

आणि पलीकडच्या काठाला इब्राहिम मुकादम.
दर तीन महिन्यांनी बाही वर करून तयार,
आधी चहा, मग पट्टा.
त्यांच्या कागदावर फक्त ‘आरोग्य तपासणी’.
एकदा म्हणाले, तिकडे मीठ वाटता म्हणे,
आमची वाडी काय दर्यात बुडाली?
मी म्हटलं, ती योजना वेगळी आहे, चाचा.
असंच सांगायचं होतं.
त्यांनी मान हलवली, दुसरा कप पुढे केला.

आमच्याकडे गुरव देवीला कळ्या लावतो.
उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही,
एकही पडली नाही तर थांबायचं.
दुपार टळून जाते, लोक उठत नाहीत,
कुणी देवीला घाई करत नाही.
डाव्या कळीचीही जागा धरलेली असते.
आमच्या फॉर्मवर एकच चौकोन होता.

आकडे चांगले आले, हे सांगायला हवं.
नव्या मिठाच्या वाड्यांत दाब उतरला,
सत्यवतीचाही.
त्यानं माझं काम सोपं होत नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
दोन वर्षं मी अठरा वाड्यांत जेवले,
कुठलं मीठ कुठल्या ताटात, विचारलं नाही.

बाई, कर्ता सापडला.
संमती मी घेतली.
कुणाकडून घेतली, कुणाकडून घ्यायची राहिली,
कुणाला सांगितलंच नाही,
हे लिहायला घेतलं तर दोन ओळी पुरत नाहीत.
सर पुन्हा फोन करतील.

फॉर्म चारशे सतरा समोर आहे.
अंगठ्याच्या जागी निळा डाग,
डागाला चिकटलेलं बांगड्याचं एक खवलं.
नखानं काढून पाहिलं.
कागद फाटायला लागला, तेव्हा सोडून दिलं.