ढवळाढवळ

कावीच्या किनाऱ्यावरून आज चिखल आला,
दीड मीटरच्या पीव्हीसी नळीत,
टेम्पोला उभा बांधून,
जंबुसर, पादरा, मग अटलादरा.
ड्रायव्हर म्हणाला, बेन, आत काय मेलंय?
सडक्या अंड्यांचा वास जिना चढून
आमच्या आधी प्रयोगशाळेत पोचला.

नळी आडवी निजवली. उभी चिरली.
विळीवर दुधी कापावा
तशा सेंटिमीटरभर चकत्या.
चकतीला पिशवी, पिशवीला नंबर.
छत्तीस वर्षं या खात्यात काढली,
छापून आलं ते एवढंच, माझं अक्षर,
कुणाच्या तरी प्रबंधाच्या परिशिष्टात.

पुस्तकातला चिखल शहाणा असतो.
वर यंदाचा, खाली गेल्या सालचा,
त्याखाली पणजोबांच्या वेळचा,
कुणी कुणाच्या अंगावर येत नाही.
नदीतून आलेलं पान, मेलेलं शेवाळ
खाली खाली जातं, त्यातला कार्बन
हवेला पुन्हा तोंड दाखवत नाही.

पण बाविसाव्या चकतीत
बोरूएवढं एक भोक निघालं
आणि काळ्याशार जुन्याच्या पोटात
यंदाचा गाळ, पिवळट, ताजा.
आत किडा. अर्धा.
उरलेला अर्धा तेविसात.
जिगीषा हळहळली, "दीदी, तारखा गेल्या."

गेल्याच.
यांची एक जात वरचं खाली ओढून नेते.
दुसरी डोकं खाली घालून जुनं खाते
आणि वर आणून टाकते.
खाली गेलेलं बरेचदा टिकतं.
वर आलेल्याला पाण्यातला प्राणवायू लागला
की ते जळतं, धुराशिवाय, महिनोन्‌महिने.
"मग एकूण फायदा की तोटा?"
किड्यावर आहे, म्हटलं. आणि चिखलावर.
मागे वेरावळकडची नळी आली होती,
ट्रॉलरची जाळी फिरून गेलेली,
वरचे दहा सेंटिमीटर नुसतं ताक.
तिथे किडाही नव्हता विचारायला.

ढवळाढवळ.
हा शब्द आमच्या घरात माझ्यासाठी राखीव.
बाबा शेवटचे तीन महिने
मुकुंदाकडे होते, करेलीबागेत.
मी जाई तेव्हा ते झोपलेले असत.
दर वेळी.
नंतर एकदा विचारायला गेले,
तर वहिनी म्हणाली, जुनी मढी उकरू नका, वन्सं.

नाही उकरली.
वर आपसूक बसत गेलं अकरा वर्षांचं,
फराळाचे डबे, पुतणीचं लग्न,
"बरंय ना?" "बरंय."
सगळे म्हणाले, मिटलं.
मीही तेच म्हणत होते,
कुणी विचारलं तर.

भट्टी साडेपाचशेवर. चार तास.
आधीचं वजन वजा राखेचं वजन,
जे कमी भरतं तेच आमचं उत्तर.
बाविसात जास्त कमी भरलं,
एकविसाहून, तेविसाहूनही.
जिगीषाने दोनदा तोललं.
एवढ्याशा जिवाने
एवढं खाली नेऊन ठेवलं होतं.
वहीत लिहिलं: थर मिसळलेले. तारीख धरू नये.
शाई वाळेपर्यंत बसून राहिले,
कारण नव्हतं.

काळ्या घोड्याच्या पुलावर रिक्षा अडकली.
खाली विश्वामित्रीच्या काठाला एक मगर,
अर्धी चिखलात, अर्धी उन्हात,
कुठली अर्धी खरी ते तिचं तिला ठाऊक.
फोन लावला.
मोठं काही विचारणार नव्हते,
बोरूएवढंच.
"मुकुंदा, बाबा शेवटी शेवटी
चहात साखर घेत होते का रे?"

मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"दोन चमचे. चोरून.
मीच द्यायचो."

आणि त्याच्या मागे कुणीतरी
टीव्हीचा आवाज कमी केला.