पासंग

इतवारीत आमचं दुकान म्हणजे एक फळी,
ताहेरभाईंच्या हार्डवेअरच्या पायरीला टेकवलेली,
आणि फळीवर बसलेला माझा बाप,
लोकांचे काटे सरळ करणारा.

वजनमापवाले साहेब येणार अशी कुणकुण लागली
की अर्धा बाजार आमच्याकडे उलटा टांगलेला.
हस्तीमलचा पितळी, धान्यगंजातले लोखंडी,
सोनारओळीतला काचेच्या पेटीतला, ज्याला माझा श्वासही जड.
बाबा दांडीच्या नाकाशी नाक नेऊन पाहायचे,
मग पारड्याच्या बुडाशी बोट फिरवून
चिकटवलेला चिंचेचा गोळा काढायचे.
कधी मेण. एकदा तर सुपारीचं खांड.
मालकाला काही म्हणायचे नाहीत.
माझ्याकडे न पाहता हात पुढे करायचे :
"घे पोट्ट्या. पासंग."
मी तो बिस्किटाच्या डब्यात टाकायचो.

लोक म्हणतात, तुला काय काय आठवतं रे तिकडचं?
मला तो बाजार झुकतीनं आठवतो.
कोणाचा काटा किती, आणि कोणत्या बाजूला.

उदाराम पौनीकरांचा काटा खरा होता,
त्यांची पळी खोटी.
सावजी मसाल्याचा खकाणा गल्लीच्या तोंडाशीच डोळ्यांत जायचा,
ताटलीत तर्री काठोकाठ, काळीभोर,
आणि फोडी शोधायला लागायच्या
विहिरीत पडलेल्या बादलीसारख्या.
तरी मजुरीचे पैसे सोडून बाबा तिथेच जेवून यायचे.
नाक पुसत म्हणायचे, खोटं आहे, पण मनापासून आहे.

भागरथाकडे काटाच नव्हता.
इकडच्या हातावरून तिकडच्या हातावर
कोपरापर्यंत लांबत जाणारी रोटी
ती पालथ्या माठावर फेकायची,
आणि मोजायची तर फक्त माणसं.
"घरी किती जण?" पाच म्हटलं की सहा द्यायची.
सहावी कोणाची, हे मी कधी विचारलं नाही.
रस्त्यातच खाऊन टाकायचो.

संत्रेवाल्या कौतिकाबाईचा शेकडा एकशे चारचा,
बडकस चौकातल्या पुडाच्या वडीत
बोटभर सांबार, सांबार म्हणजे सांबारच.
पुण्यात पहिल्या आठवड्यात मी भाजीवालीकडे जुडी मागितली,
तर ती म्हणाली, समोरच्या उडप्याकडे मिळेल, इडलीसोबत.
मी कोथिंबीर म्हणालो.
आणि ती दहा रुपयांची जुडी
पिशवीत घालून घरी नेताना
कुठेतरी माप कमी भरलंय असं वाटत राहिलं.

मग लाल आकड्यांचे काटे आले.
बाबांनी एकावर बोट दाबून पाहिलं,
म्हणाले, हा खोटं बोलला तर आवाज कुठून येणार बे?
दोन उन्हाळे फळी मांडली,
तिसऱ्यात टोंगळे उठेनात.

डबा माझ्याकडे आहे.
काल उघडला. चिंच दगड झालेली,
मेणावर कोणाच्या तरी अंगठ्याची रेघ,
चार आण्याचं नाणं, वॉशर,
आणि एक शिशाचा थेंब,
ज्याच्या कडेवर कानशीचे तिरपे ओरखडे,
डावखुऱ्या माणसानं मारावेत तसे.
इतवारीत डावखुरा कारागीर एकच होता.

हा काढलेला नाही. हा घडवलेला आहे.
कोणासाठी, ते मी हिशोबानं काढू शकतो :
माझी कॉलेजची फी एका वर्षी
हस्तीमलच्या दुकानातल्या नोटांनी भरली होती,
त्यांना हळदीचा वास होता.
पण मग हा परत डब्यात कसा आला,
कोणी काढला, त्यांनीच का,
ते मला कोणत्याच बाजूनं लागत नाही.

आज सकाळी गाडीतून उतरून सरळ तिकडेच गेलो.
पायरी आहे, ताहेरभाईंचा नातू आहे,
फळीच्या जागी एक पोहेवाला.
खिशात तो थेंब.
त्यानं बशीत पोहे टाकले, चणे टाकले,
तर्रीत पळी बुडवून माझ्याकडे पाहिलं.
"अजून टाकू का, भाऊ?"
टाक, म्हटलं.
त्यानं टाकली. मग न विचारता
अजून एकदा.