उजव्या कानाची दुरुस्ती

मंगळवारपासून उजवीकडून काही येत नाही.

डाव्या कानात केतकी विचारते,
गिरणीचा भोंगा शेवटचा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होतात?
उजव्या कानात ठकूबाईंनी सांगायचं,
तिथे नुसतं खर्र.
दोन माईक लावून केलंय पोरीनं रेकॉर्डिंग,
प्रश्न एकीकडे, उत्तर एकीकडे,
आणि मधे मी, लोकमान्यनगरात,
मिनिटाला बारा रुपयांनी ऐकलेलं टाइप करणारी.

आधी वाटलं हेडफोन गेला. शेजारच्या ईशानचा आणला. तोही तसाच.
सेटिंगमध्ये डावं-उजवं सारखं केलं. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
बंद करून चालू केलं, जे आपण सगळ्यालाच करून बघतो.
मग कळलं, पिन अर्धी फिरवून, वायर वर उचलून,
श्वास रोखून धरली
की ठकूबाई येतात.
"...तर मी म्हटलं मुकादमाला..."
आणि शिंक आली की जातात.

शेवेच्या पुडीचं रबर काढून वायर बिजागरीला बांधली.
एक वाक्य टिकलं.
मुकादमाला काय म्हटलं ते
रबर तुटल्यावर राहिलं.

स्पीकरवर लाव ना, आई म्हणाली.
स्पीकर तिनेच सांडलेल्या चहानं गेलेत, हे मी बोलले नाही.

दोन रात्री मी नुसते प्रश्न ऐकले.
प्रश्न एकटे ऐकले की फार उद्धट वाटतात.
किती पगार. किती मुलं. आधी कोण गेलं.
मधल्या रिकाम्या जागा मी लांबीवरून ओळखू लागले:
तीन सेकंद, म्हणजे हो.
बारा, म्हणजे कुणाचं तरी नाव आठवत असतील.
आणि एका ठिकाणी
"मग पोराला काय सांगितलंत?"
यानंतर एक्केचाळीस सेकंद.
मी ठरवूनच टाकलं, सगळं तिथे आहे.
अख्खी गिरणी तिथे आहे, माझ्या उजव्या हाताला,
आणि मला ऐकू येत नाही.

शुक्रवारी जेल रोड. पार्किंगवरून भांडण, मग जिना, मग मुर्तझाभाई,
सोनेरी काठाची टोपी, एका डोळ्याला भिंग.
"खींचा होगा आपने."
मी नाही म्हटलं.
त्यांनी भोकात उजेड टाकला. "टेढ़ा खींचा है."
कापसाचा बोळा, स्पिरिट, दात कोरायची काडी.
निघालं काय, तर चिमूटभर लोकर,
माझ्याच राणी रंगाच्या स्वेटरची.
झालं तर मग, मी म्हटलं.
"इतने से नहीं होगा,"
आणि अकरा स्क्रू त्यांनी बरणीच्या झाकणात ओतले.

हिरव्या बोर्डावर जॅकचे बारके पाय.
एकाच्या बुडाशी, टाक्याभोवती, केसाएवढी गोल चीर.
पाय जागेवर होता, फक्त लागून नव्हता.
"ठंडा टांका," ते म्हणाले. "दिखता है जुड़ा हुआ."
मग राळेचा धूर, कथलाचा एक थेंब,
आधी चकाकला, मग शहाण्यासारखा बसला.
तपासायला त्यांनी स्वतःच्या पोराचा आवाज लावला, एक-दो, एक-दो,
तो माझ्या डोक्यातून डावीकडून उजवीकडे चालत गेला.
दीडशे रुपये.

मुकादमाला म्हटलेलं सापडलं.
टाइप केलंय, शिवीसकट.

मग चप्पल न काढताच त्या जागेवर गेले.
"मग पोराला काय सांगितलंत?"

उजवीकडे पंखा.
खाट करकरली. लांब कुणीतरी भांडं ठेवलं.
बांगडी, एकदाच.
मी पिन फिरवली. दाबली. मागे गेले, पुन्हा लावलं.
टाका पक्का होता.
पंखा, खाट, बांगडी,
आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला ठकूबाई, अगदी जवळून:
"चहा घेशील ना गं?"

एक्केचाळीस सेकंदांचे आठ रुपये वीस पैसे होतात.
मी ते बिलात धरले नाहीत.
मग धरले.