तीन दिवसांचं पॅकेज

तीन दिवस, दोन रात्री. वाळवंट, डोंगर, जुनी शहरं.
असं मीच छापून घेतलं होतं कार्डावर,
विट्याच्या स्टँडमागं, उधारीवर.
पोपट विरकर. गाडी सतरा सीटर.
एसी चढाला बंद.

या खेपेला बाबरांचं अख्खं घर.
धोंडीरामतात्या पुढं, माझ्या शेजारी,
मागं पोरं, सुना, डबे, सगळ्यांत मिळून एक वांतीची पिशवी.
चाळीस वर्षं बिकानेरला गलाई.
भट्टी, मूस, तेजाब.
सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन
त्यातनं गुंज-गुंज सोनं काढणारी माणसं.
नातवंडं तिकडंच जन्मली,
गावाचं नाव त्यांना आधार कार्डापुरतं.

भिवघाट ओलांडला, मी माईक घेतला:
हे आमचं वाळवंट.
पाऊस तिकडं डोंगराला टेकून बसतो, उठतच नाही.
इथं पाहुण्याला आधी रिकामा तांब्या दाखवतात,
मग विचारतात, किती दिवस राहणार.
(इथं पुण्याची माणसं हसतात.)
चंचल, नातवंडांतली थोरली, काचेला नाक लावून म्हणाली,
"काका, वाळवंट कुठाय? हे तर शेत आहे."

खरं होतं. टेंभूचं पाणी आलंय.
डाळिंबाच्या ओळी, शेततळ्याचा निळा कागद.
ज्या माळावर मी गाडी थांबवायचो
तिथं कुणी द्राक्षाचे अँगल रोवलेत.
माझं वाळवंट दरसाल थोडं थोडं मागं सरकतंय.
मलाही त्याच पाटाचं पाणी आहे, दीड एकराला.
आता पेढे वाटू, का कार्ड बदलू?

म्हसवडच्या पुढं एक उघडं रान उरलंय, तिथं नेलं.
तरवड, कुसळं, लांबवर मेंढरं.
पोरं उतरली, पायमोज्यातली कुसळं काढत परत चढली.
"वाळू नाही," दीपेश म्हणाला,
जसं हॉटेलात सांगतात, वडा संपला.

दुसऱ्या दिवशी कासच्या पुढं
बामणोलीकडं उतरताना धुकं आलं
आणि गाडी गप्प झाली.
हात बाहेर गेले, ओले झाले, तोंडाला लागले.
दीपेशनं विचारलं, "हे बंद कधी करतात?"
मी वळणावर होतो, उत्तर दिलं नाही.
तात्या डोळे मिटून बसलेले.
खाली कोयनेचं पाणी दिसलं, तरी उघडले नाहीत.
"हा मुलूख आमचा न्हाई," म्हणाले,
"आमच्याकडं हितनं नुसते ढग यायचे. रिते."

वाईचे घाट पाहिले, मेणवलीची घंटा पाहिली,
चंचलनं पायऱ्या मोजल्या, चुकल्या, पुन्हा मोजल्या.
तिसऱ्या दिवशी मिरज.
सतारीच्या गल्लीत दोरीला टांगलेले भोपळे,
खाली फरशीवर पिवळसर भुसा.
तात्या वाकले.
चिमूट घेतली, अंगठ्यानं नखावर घासली,
उजेडाकडं धरली.
"भोपळाच आहे, बाबा," कारागीर म्हणाला.
तात्या हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.
हात धोतराला पुसला, तरी हसत राहिले.

येताना विट्याच्या अलीकडं म्हणाले, थांब.
पॅकेजात नव्हतं.
एक पांद, एक बोअर, दोन बांध.
घर कुठं होतं ते त्यांनी दाखवलं नाही,
मीही विचारलं नाही, गाइड असून.
उकिडवे बसले. मूठभर माती उचलली.
मी गमतीनं म्हणालो, "किती निघंल, तात्या?"
"ह्यात काय न्हाई.
ते मी अठराव्या वर्षीच बघितलंय."
पण मूठ उघडली नाही. तशीच घेऊन गाडीत चढले.

त्या थांब्याचे पैसे लावले नाहीत.
रात्री गाडी झाडली.
बिस्किटांचे कागद, एक हेअरपिन,
पुढच्या सीटखाली ओंजळभर माती.
सुपलीत घेतली, दारापर्यंत गेलो.
सुपली अजून टायरपाशी आहे.
बायको दोनदा विचारून गेली,
केर का टाकत नाही म्हणून.