कलम चार

सांगलीत, खणभागात, मगदूमांच्या छापखान्यात
अकरा वर्षं मी टायपिंग करते.
हळदीच्या सौद्याच्या पावत्या, वास्तुशांतीची निमंत्रणं,
दहाव्याची कार्डं,
आणि निवडणूक जवळ आली की
पक्षाचा सभासद अर्ज.

अर्ज तोच असायचा. वर्गणी तेवढी बदलायची,
अकराची एकवीस, एकवीसची एक्कावन्न.

कलम चार पहिल्यांदा आलं
ते निळ्या शाईत, हातानं लिहिलेलं:
'सभासद या मातीतल्या शूद्ध रक्ताचाच असावा.'
शू दीर्घ होता.
मी ऱ्हस्व केला.
सरचिटणीस शितोळे प्रूफ बघून खूश,
'ताई, तुमचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं की हो.'
बिलावर लिहायला नाव विचारलं.
जैबुन मुलाणी, मी सांगितलं.
'असू दे, असू दे,' ते म्हणाले,
चुकून पाय लागल्यावर माणूस म्हणतो
तसं.

यंदा चैत्र सरता सरता कोर्टाचा कागद आला.
कलम काढा, नाहीतर नोंदणी जाईल.
बैठक आमच्याच छापखान्यात भरली,
कागदाच्या रिमांवर बसून.
एकजण म्हणाला, रक्त काढू, माती ठेवू.
दुसरा म्हणाला, वकील म्हणतात माती पण नको.
मग 'शुद्ध' एकटाच उरला.
त्याला कुठं बसवायचं
यावर दोन चहा झाले.

शेवटी मी टाइप केलं:
'सभासद कोणीही होऊ शकतो.'
आणि खाली, बारीक अक्षरात, कलम नऊ:
'अर्जदाराच्या घरी दोन जुने सभासद
समक्ष भेट देऊन पाहणी करतील.'
काय बघणार, मी विचारलं.
'असंच. घरदार. देव्हारा-बिव्हारा.'

जुने छापलेले तीन हजार अर्ज पडून होते.
ते फेकायला शितोळ्यांचं मन होईना.
पांढऱ्या पट्ट्या कापून घेतल्या,
कलम चारवर चिकटवायच्या, नगाला वीस पैसे.
बहिणीची तस्कीन दहावीची परीक्षा देऊन रिकामीच होती,
तिला घेऊन बसले.
डिंक, पट्टी, तळहात. डिंक, पट्टी, तळहात.
दुपारपर्यंत तस्कीनची बोटं एकमेकांना चिकटली.
'मावशी, खाली काय लिहिलंय गं?'
जुनं आहे, म्हटलं. लाव तू.

शितोळे संध्याकाळी आले, पेढे घेऊन.
'पहिला अर्ज तुम्हीच भरा ताई.
फोटो काढू. पेपरला देऊ.'
मालकांनी कॅल्क्युलेटरमधून मान वर केली,
परत घातली.
मी म्हणाले,
आधी पट्ट्या वाळू देत.

अर्ज भरला बँडवाल्या दस्तगीरचाचांनी.
वीस वर्षं पक्षाच्या मिरवणुकीपुढं क्लॅरिनेट वाजवलं,
म्हणाले, एकदा मागनं चालून बघतो.
पेपरात फोटो आला. हार एवढा मोठा
की चाचांची दाढी तेवढी दिसत होती.
चौथ्या दिवशी दोघं घरी आले.
भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं,
आत कोण कोण आहे विचारलं,
चहा निम्मा ठेवून गेले.
कार्ड अजून आलेलं नाही.
मिरवणुकीची सुपारी मात्र आली,
दर तोच.

काल मी बिल केलं.
पट्टी लावणे, नग तीन हजार, सहाशे रुपये.
गठ्ठा बांधताना वरचा एक अर्ज
सहज ट्यूबलाइटसमोर धरला.
पट्टीतून ओळ दिसत होती,
सगळी, 'शुद्ध'सकट.

शु ऱ्हस्व होता.
माझा.